रात्रीची लाईन

माझं काम पंपाच्या मोटरींचं.
जळालेली कॉइल छिन्नीनं तोडायची, तांबं वेगळं तोलायचं,
नवी तार भरायची, वार्निश पाजून उन्हात ठेवायचं.
दिग्रस रोडवर, फाट्याच्या पुढं, पत्र्याचं शेड:
खंडारे वायंडिंग वर्क्स. वर्क्समधला रफार पुसलेला.

डॉक्टर खेरड्यांची गाडी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत आली,
खाली पऱ्हाट्या, वर ताडपत्री.
दोनच सीट. त्रेसष्टचं मॉडेल.
लाल, पण कुंकवाच्या रिकाम्या डबीच्या तळासारखा लाल.
जिनिंगचा कुणी मॅनेजर सोडून गेला,
डॉक्टरांच्या वडिलांनी सरकीच्या भावात उचलली म्हणतात.
"इंजिन काढ," डॉक्टर म्हणाले, "मोटर बसव.
एवढ्या मोटरी भरतेस, ही एक आणखी."

जसा काही बोअरचा पाच एचपीच.

बाबा खाटेवरून पाहत होते.
हिचे दोन्ही कार्बोरेटर त्यांच्या हातचे.
रबरी नळीचं एक टोक कानात, दुसरं कार्बोरेटरच्या तोंडाशी,
इकडचा श्वास, मग तिकडचा,
पाव आटा स्क्रू आत, पाव आटा बाहेर,
दोन्ही एका दमात येईपर्यंत.
त्या कानांना आता जेवायची हाकही दोनदा मारावी लागते.

इंजिन चेनकप्पीवर चढवलं
तेव्हा ते उठून आले, खाली दोन्ही हात धरले,
जसं काही सगळं वजन साखळीवर नव्हतंच.
"हळू व माय. सम्पचा नट ढिला हाये."

बॅटऱ्या नागपूर हायवेला ठोकलेल्या एका गाडीतल्या.
बारा डबे. दोन फुगलेले निघाले, ते परत केले, भांडून.
मोटर आणि गिअरबॉक्समधली प्लेट
यवतमाळच्या लेथवर तीनदा कातून आणली.
गिअरचा दांडा ठेवला, डॉक्टरांच्या हाताला सवय म्हणून.
पेट्रोलचा काटाही ठेवला.
तो आता वेगळंच काही मोजतो,
खोटं मात्र पूर्वीइतकंच बोलतो.

शेतीच्या फीडरला त्या आठवड्यात रात्रीची पाळी.
बारा चाळीसला लाईन आली.
शिवारभर स्टार्टर खटखटले,
कुठं आपोआप, कुठं टॉर्च घेऊन गेलेल्या माणसाच्या बोटानं,
हरभऱ्यात पाणी सुटलं,
आणि शेडमध्ये चार्जरचा हिरवा दिवा लागला.
गुणवंतचा पोरगा दांड बदलून येता येता डोकावला,
पायाला घोट्यापर्यंत चिखल:
"ताई, इले भी रात्रीच पाजतेस का?"

पहाटे चारला आम्ही दोघं निघालो, कॅनॉलच्या पुलापर्यंत.
बाबांनी मफलर बांधलेला, दार हातानं ओढून धरलेलं.
काही आवाज नाही. म्हणजे खडी वाजते, काच थरथरते,
आपलंच बोलणं मोठं वाटतं.
वळणावर एक रोही रस्त्यात उभा.
त्याला आम्ही ऐकूच आलो नाही.
मी ब्रेक दाबला, तो बघत राहिला,
मग आपल्या सोयीनं तुरीत गेला.

पुलाजवळ बाबा म्हणाले, थांबव.
सीटमधून काही लागत होतं त्यांना.
मागचं चाक जॅकवर उचललं, हातानं फिरवलं.
स्क्रूड्रायव्हरचं टोक हबला टेकवलं
आणि मूठ, कानाला नाही, दातात धरली.
डोळे मिटून किती वेळ.

"बेअरिंग गेलं हाये.
आजचं नाही. जुनंच.
इंजिनाच्या आवाजात दबून होतं."

मग चाक थांबलं तरी मूठ दातातच.
"पंधरा वर्सं माह्या हाताखाली होती ही," ते म्हणाले,
"मले वाटे, मी इचं सगळं आयकतो."

मी काही बोलले नाही.
बोलले असते तर ओरडावं लागलं असतं.

ग्रीसखाली बेअरिंगचा नंबर होता, ओढणीनं पुसला.
बाबांनी टॉर्चमध्ये एकेक आकडा वाचला,
ऐकू न येणारी माणसं वाचतात तसा, मोठ्यानं.
पलीकडं, हरभऱ्याच्या ओलीत, कुणीतरी फावडं थांबवलं.
"कोन होय रे तिकडं?"