कोणता शब्द कुणाला

सोमवारी माझी सुट्टी.
झगा खुंटीला टांगून मी मार्केट यार्डात,
अण्णाप्पा मगदुमांच्या अडतीवर चहा प्यायला जातो.
गुळाच्या रव्यांच्या रांगा, सौद्याची आरडाओरड,
माश्याही कशा ठरवून बसलेल्या.
अण्णाप्पा सुरीच्या टोकानं खपली काढतात,
लगेच तोंडात टाकत नाहीत.
आधी बोटांत चुरतात, उजेडाकडे धरतात.
"ह्या पिवळ्याधमक रंगाला गिऱ्हाईक भुलतंय, पाळकसाहेब.
पावडर हाय ती. आपला काळपट बरा."
कळतं कसं, मी विचारतो.
"चाळीस वर्सं फसलोय की."

आम्ही लुथरन. चौतीस घरं,
सायकलच्या दुकानावरचा भाड्याचा हॉल.
"म्हणजे आपल्यातलेच ना?" असं अजून विचारतात लोक,
आणि मी हो म्हणतो. ते नेहमीच खरं असतं असं नाही.

सेमिनरीत शिकवलं होतं :
देवाचे शब्द दोन.
एक मोडणारा, एक बांधणारा.
कोणता कुणाला द्यायचा, एवढं ज्याला जमलं तो पाळक.
त्या पेपरात मला बहात्तर मार्क होते.

पुराच्या साली नहेम्या शिंप्यानं विचारलं,
"घर सोडू का?"
मी डोळे मिटले. आत शांत शांत वाटलं.
म्हणालो, राहा, पाणी तुमच्या गल्लीत येत नाही.
शेजारच्या दस्तगीरनं डोळे मिटले नाहीत.
भिंतीवरून अंडी घेऊन चढणाऱ्या मुंग्या बघितल्या
आणि बायकोपोरांना घेऊन दुपारीच निघाला.
माझ्या आतली शांतता देवाची नव्हती,
तीन रात्रींच्या जागरणाची होती.
शुक्रवार पेठेत नहेम्याची दोन्ही मशिनं गेली,
तो माळ्यावरून होडीत उतरला.
अजून पहिल्या बाकावर बसतो, त्याबद्दल चकार शब्द नाही.
ही क्षमा म्हणायची की शिक्षा,
हेही मला ओळखता येत नाही.

मजुरांचे पगार थकवणारा आमचा कारभारी
डोळ्यांत पाणी आणून आला,
मी त्याला कृपा दिली, वाडगाभर, वर साय घालून.
आणि मार्था, जी मनगटावरचे वळ
बांगड्यांखाली झाकून आली होती,
तिला मी लग्नाच्या वेदीवरची वचनं वाचून दाखवली.
भेगाळलेल्याला हातोडा, तुकतुकीताला मलम.
ती परत आली नाही.

आता तबीथाबाई येतात, म्हणतात,
मेलेले मालक स्वप्नात आले, जमीन विक म्हणाले.
हा देवाचाच इशारा का हो?
पूर्वी मी उत्तर दिलं असतं.
आता म्हणतो, मला माहीत नाही. बसा.
सातबारा आणलाय का? विकत कोण घेतंय? घाई कुणाला आहे?
मग आम्ही प्रार्थना करतो, आणि ती कमी शब्दांची असते.

काल संध्याकाळी गंगावेशीत,
म्हशी उभ्या, कासेखाली पेले,
आणि रांगेत माझ्यापुढे मार्था.
पोरगं कडेवर, हातात स्टीलचा तांब्या.
तिनं मला बघितलं. तोंड फिरवलं नाही.
माझ्याजवळ बोलायला होतं ते एकच वाक्य,
सात वर्षं तोंडात धरलेलं.
पण ते तिच्यासाठी होतं
की माझीच झोप लागावी म्हणून?
मी खपली काढली, बोटांत चुरली,
उजेडाकडे धरली.
दोन्ही होतं त्यात. वेगळं करता येईना.

"चुकलो मी," म्हणालो. तसंच, मिसळलेलं.
तिनं पोराला दुसऱ्या कडेवर घेतलं.
"व्हय," म्हणाली.

गवळी ओरडत होता,
"सायेब, पेला पुढं करा!
फेसासकट देऊ का फेस बसल्यावर?"
मागची रांग खोळंबली होती
आणि मला पटकन सांगता येईना.