समुद्रसपाटी

रणपिसे म्हणायचे, आधी तापमान वाच.
नळीला चिकटवलेला तो छोटा थर्मामीटर,
दारातून आल्या आल्या,
तुझ्या अंगाची ऊब त्यात उतरायच्या आत.
नुसतं समोर उभं राहिलं तरी
आपण आकडा बिघडवतो, बाई.

मी तेवीस वर्षांची. शिवाजीनगरची वेधशाळा,
दगडी भिंतीवर पितळी वायुभारमापक,
आणि बाहेर सिमला ऑफिसच्या चौकात
साडेआठच्या सिग्नलला अडलेलं अख्खं पुणे.
मग नखाने हलकी टिचकी.
पारा काचेला धरून बसलेला असतो,
त्याला सांगायचं, सोड.

परवा रात्री तेच करून पाहिलं.
निरंजनचा रिपोर्ट गुरुवारी येणार होता.
तो झोपलेला, तोंड किंचित उघडं.
मी आईने दिलेली माळ घेऊन बसले
आणि अकराव्या मण्यापर्यंत
गॅस बंद आहे ना ते दोनदा बघून आले,
नणंदेच्या सतरा वर्षं जुन्या वाक्याला
अखेर चोख उत्तर दिलं, मनात,
आणि दांडेकर पुलावरून निघालेला एक टेम्पो
कानांनी पोचवला पार स्वारगेटपर्यंत.
देवाचं नाव तेवढं चालू होतं,
कुणी नसलेल्या खोलीत राहून गेलेल्या पंख्यासारखं.

कपाळावर टिचकी मारली.
सोड, म्हटलं.
काही सुटलं नाही. थोडं दुखलं.

रणपिसे पंचहौदाजवळ राहायचे, रविवारी चर्चला.
एकदा विचारलं होतं, प्रार्थनेत मन लागतं तुमचं?
डबा उघडता उघडता हसले.
बत्तीस वर्षं झाली,
बॅरोग्राफचा काटा पूर्ण थांबलेला पाहिला नाही.
थांबलाच तर यंत्र दुरुस्तीला पाठवायचं.
हवा मोजतंय ते. हलणारच.
घे, सुकटीची चटणी आहे, चालते ना?

चालायची नाही. खाल्ली.

आणि शेवटची दुरुस्ती.
पुणे साडेपाचशे मीटर उंच,
इथला आकडा नुसता इथलाच,
बाहेर त्याला कुणी ओळखत नाही.
तक्त्यातून साठाच्या आसपास मिळवायचे,
मग तो समुद्रसपाटीवर येतो
आणि रत्नागिरीशी, वेरावळशी,
पोर्ट ब्लेअरशी बोलू शकतो.
पण इथे समुद्र कुठाय, मी म्हटलं.
खाली, म्हणाले,
आणि बोट केलं फरशीकडे.
मला विनोद वाटला होता.

हवेलाही भरती-ओहोटी असते, रोज दोनदा.
दहाला चढते, चारला उतरते.
पहाटे चारला मी स्वयंपाकघरात फरशीवर बसलेली,
माळ ओट्यावर, लसणाच्या शेजारी,
आणि ओहोटी.
डोक्यावर हवेचा खांब, थेट आभाळापर्यंत,
एकेका तळहातावर एकेका माणसाचं वजन.
तरी चेपले जात नाही मी,
कारण तेवढंच काहीतरी आतून रेटत असतं,
जन्मल्यापासून, न सांगता,
मी झोपते तेव्हा,
नणंदेशी भांडते तेव्हाही.
त्याला देव म्हणावं का, माहीत नाही.
आईला माहीत होतं.
मन हलतच होतं. रिपोर्ट, गुरुवार, रिपोर्ट.
पण वाटलं, हे हलतंय ते वरचं.
फरशीखाली, तळजाईच्या कातळाखाली, खूप खाली
काहीतरी सपाट पडून आहे
जिथून मोजायला सुरुवात करतात.
पाय गार पडले होते. तशीच बसले.
पाचला दूधवाला आला.

आता सेन्सर आहेत, कुणाला वाचावं लागत नाही.
जुनी नळी कोपऱ्यात टांगलेली आहे,
मी रोज जाते.
आज तापमान आधी वाचलं नाही.
समोर उभी राहिले, बराच वेळ,
जाऊ दिली ऊब.
दोन दशांश चढलं.

वहीत तसंच लिहिलं.