चिठ्ठी

फैजपूर स्टँडसमोर सत्तावीस वर्षं
मी एकच वाक्य बोलतो आहे:
चिठ्ठी दाखवा.

झोपेच्या गोळीला चिठ्ठी, फिटच्या गोळीला चिठ्ठी,
खोकल्याच्या त्या एका बाटलीला, जी पोरं
उसाच्या रसात ओतून पितात,
चिठ्ठी, आणि वर रजिस्टरात नाव, गाव, सही.

काल हुसेनाबाई तडवी आल्या.
तीन रात्री डोळ्याला डोळा नाही.
रिकामं पाकीट पुढं केलं. मी म्हटलं, चिठ्ठी.
"मी काय लायनी पोर हाये का रे भो?
जीव माह्या, झोप माही, पैसे माहे."
मी पाकीट परत सरकवलं,
नजर काउंटरच्या काचेत ठेवून.

काचेखाली फोन होता.
फोनात एक्स्पायरीचा दिवस.

शब्द ओळखीचा निघाला, तिथंच फसलो.
माझ्याकडं एक्स्पायरी म्हणजे पाकिटाच्या कडेला
ठोकलेला महिना आणि साल.
तीन महिने आधी लाल पेनानं गोल करतो,
खोक्यात भरतो, कंपनी परत घेते.
तिथली एक्स्पायरी दुपारी साडेतीनची,
आणि परत घेणारं कुणी नाही.
दीड वर्षात तीन लाख अठ्ठ्याऐंशी हजार.
इंदूला अडीच सांगितलेत.

मला चिठ्ठी कुणी दिली होती?
जळगावच्या भाच्यानं, कोर्टाजवळच्या टपरीवर,
चहा निवेपर्यंत खातं उघडून.
ॲपनं विचारलंही, जोखीम समजली का?
मी 'हो' दाबलं,
औषधाच्या खोक्यातलं बारीक अक्षरांचं पत्रक
गिऱ्हाईक माझ्याच पायरीवर टाकून जातं
तसं.

लीलाधर झोपे, जिल्हा बँकेचे जुने कॅशियर,
दुकानातल्या स्टुलावर फुकट पेपर वाचतात.
म्हणाले, वरचे विचार करताहेत,
लहान माणसाला या खिडकीवर येऊ द्यावं की नाही.
उत्पन्न बघतील, परीक्षा घेतील.
"बरं होईल."

मी भडकलो. म्हटलं, केळी लावताना
कुणी परीक्षा घेतली होती तुमची?
मे महिन्यातला एक वारा, अर्ध्या तासाचा,
तीन हजार खोडं आडवी.
तेव्हा कुणी मागितला उत्पन्नाचा दाखला?
आणि कोटीवाल्याला म्हणे सगळं खुलं.
त्याला अक्कल काय पासबुकात जमा होते?

झोप्यांनी पेपरची घडी घातली. अजून एक घातली.
"नाही होत," म्हणाले.
"बुडाला तरी त्याला झोप लागते, एवढंच.
आणि आडवं खोड कुजून निदान
पुढच्या बागेला खत होतं, हेमराज.
तुझ्या त्या पुटाचं काय होतं?"

मला उत्तर होतं. मी दिलं नाही.
उत्तर असं, की चिठ्ठीही विकत मिळते.
एक डॉक्टर मला माहीत आहे, गाव सांगत नाही,
कोऱ्या पॅडवर आधीच सह्या करून ठेवतो.
ज्याला यायचंय तो खिडकीतून येईल,
खिडकी बुजवली तर कौलातून.
हे मला माहीत आहे
आणि तरी सत्तावीस वर्षांत
मी चिठ्ठीशिवाय एक गोळी दिली नाही.
दोनदा दिली. दोन्ही नावं अजून पाठ आहेत.

आज सकाळी शटर उघडतो तर
हुसेनाबाई पायरीवर.
सरकारी दवाखान्याचा कागद, घामानं मऊ झालेला.
पहिल्या गाडीनं आल्या, रांगेत बसल्या,
डॉक्टरनं नाडी बघितली, बीपी बघितलं, रागावलासुद्धा.
पाच गोळ्या लिहिल्या होत्या.
कात्रीनं पाच कापून दिल्या.
रजिस्टरात अंगठा घेतला.

त्यांनी पदरानं शाई पुसली
आणि माझ्याकडं जरा जास्त वेळ बघितलं.
"तुले बी झोप नाही लागत का रे भो?"

भिंतीवर औषध कंपनीचं घड्याळ.
सव्वानऊला दोन मिनिटं कमी.