डावीकडची डबी

मांस शिकाऱ्यांचं, गळे आमचे,
असा इथला करार आहे, तोंडीच.
पोतं दाराशी टाकतात, निघून जातात.

एंगुरे तळ्याकाठी ऑक्टोबरात लवकर दिवा लागतो.
व्हिज्मा कात्रीनं मान उघडते,
नळी सुटी करते,
कडीमागे कडी, ओली, बोटाला गार,
खाली, आणखी खाली,
छातीच्या तळाशी दोन फाटे फुटतात तिथवर.
आवाज तिथे असतो.
आपण उगाच म्हणतो, गळा काढला.

हिरव्या डोक्याच्या नराला तिथे, डाव्या अंगाला,
हाडाची डबी. बोराएवढी, गुळगुळीत.
लाल डोक्याच्याची जाळीदार,
पातळ पडद्यांच्या खिडक्या असलेली,
दिव्यासमोर धरली तर कंदील.
करवती चोचीच्याची वेडीवाकडी, कोपरे आलेली,
आणि नळीसुद्धा वाटेत दोनदा फुगलेली,
सापानं अंडी गिळावीत तशी.
मखमली काळ्याचा फुगवटा भलतीकडेच, अर्ध्या रस्त्यात.
असं का, हे विचारू नये.
व्हिज्मा सव्वीस वर्षं विचारते आहे.

मादीच्या कार्डावर ती दोनच शब्द लिहिते:
डबी नाही.

तळ्यापार ऐकू जाते ती मात्र मादीच.
डबीवाला घोगरं कुजबुजतो.

बाप तिचा, इल्ग्वार्स, नावाडी,
बोलायचा म्हणजे वल्ह्यावरून पाणी निथळावं एवढंच.
आई धक्क्यावरून ओरडायची, सूप निवतंय,
तर पलीकडच्या काठावरची कुत्रीही
आपापल्या घरी जायची.

आज उल्विसनं, शिकाऊ पोरगा, कंटाळून असेल,
एका मादीची नळी उलटी धरली
आणि फाट्यांकडून फुंकलं.
आधी नुसती हवा. थोडं पाणी, गुलाबीसर.
मग त्यानं एक फाटा चिमटीत धरला,
जरासा ताणला, पुन्हा फुंकलं.

टेबलावर, पिसांच्या ढिगाशेजारी,
ती ओरडली.

लव्हाळ्यातून, अंधारातून,
कुणीतरी उत्तर दिलं.

व्हिज्माच्या हातात कार्ड तसंच.
"तोंड धू जा," एवढंच म्हणाली पोराला.
नळी टाचणीनं पाटीवर टोचली, सरळ केली,
दोन शब्द लिहिले, नेहमीचे,
पूर्णविराम द्यायचा राहिला.

खिडकी लावायला उठली होती.
उभीच राहिली.