अडीच

पहिल्या सोमवारी मीटिंग होती ‘हाल्ब द्राय’ला.
मी वही घेऊन, केस घट्ट बांधून
साडेतीनला पोचले. पाच मिनिटं आधीच.
खोलीत फक्त त्यादेनसाहेब, फळा पुसत.
त्यांनी घड्याळाकडे पाहिलं नाही,
माझ्याकडे पाहिलं. ते जास्त लागलं.

आम्ही लिमरिकला म्हणतो ‘हाफ थ्री’,
म्हणजे तीन वाजून गेलेत
आणि वर अर्धा तास सांडलाय.
इथे, लेअरमध्ये, तीन अजून यायचेत,
अर्ध्या वाटेवर आहेत.
हे वर्गात शिकवलं होतं. परीक्षेत
त्याचे दोन गुणही मिळाले होते मला.

चार वर्षांची पदवी: बिझनेस, जोडीला जर्मन.
तिसरं वर्ष परदेशी. माहितीपत्रकावर
एक मुलगी काचेच्या इमारतीपुढे हसते आहे.
माझी इमारत विटांची.
आत बिजागऱ्या बनतात,
कपाटांच्या, बोटींच्या, तबेल्यांच्या.
मला वाटलं होतं, मी बाजारपेठांचे अंदाज बांधेन.
मी फोन घेते.

मार्चमध्ये हुसुमच्या एका माणसाने
मोठ्या बिजागऱ्या मागवल्या:
फिअर-उंड-फ्युन्फत्सिश.
आमच्याकडे थोरला आकडा पुढे चालतो,
धाकटा मागून येतो.
इथे धाकटाच आधी दार वाजवतो.
मी चार ऐकला, चार लिहिला,
मग पाच ऐकला, पाच लिहिला,
आणि चोपन्नच्या जागी पंचेचाळीस गेल्या.
नऊ कमी.
तीन दारं पाच दिवस भिंतीला टेकून उभी,
घोडे दोरखंडाच्या आत.
घोड्यांनी तक्रार केली नाही.

फ्राऊ ओल्टमन्स ओरडल्या नाहीत.
कोठारात नेऊन म्हणाल्या, मोज.
मी मोजल्या. एकेक उचलून खोक्यात ठेवली.
मार्जिन, उलाढाल, पुरवठ्याची साखळी
यांवर मी निबंध लिहिलेत, चांगले लिहिलेत.
त्यातल्या कशालाच वजन नव्हतं.
नववी बिजागरी
पहिलीपेक्षा जड होती, शपथ.

‘आता पत्र लिही.’
क्रियापद कुठे ठेवू कळेना.
आजोबांच्या आयरिशमध्ये ते सगळ्यांत पुढे धावतं,
आईच्या इंग्रजीत मधे बसतं,
इथल्या लांब वाक्यात ते दातांत धरून
पार टोकापर्यंत न्यायचं, न सांडता.
‘आपल्या दारांना, आपल्या घोड्यांना
आमच्या चुकीमुळे झालेल्या त्रासाबद्दल आम्ही…’
इथे येऊन अडले.
त्यांनी माझ्या हातून पेन घेतलं नाही.
चहा ओतला.

खडीसाखरेचा खडा कपात तडकला.
वरून सायीचा एक ढग सोडायचा,
ढवळायचं मात्र नाही.
आधी साय, मग कडू, तळाशी गोड.
घाई केलीस तर सगळं एकाच चवीचं होतं, त्या म्हणाल्या.
पहिल्या आठवड्यात मी सात-सात कप प्याले होते;
पुरे झालं की चमचा कपात उभा करायचा,
हे कुणी सांगितलंच नव्हतं.
‘आम्हाला वाटलं, आयरिश मुलीला तहान लागते.’
तिसऱ्या कपाला क्रियापद सापडलं.

परवा बाबांचा मेसेज आला:
शनिवारी हाफ थ्रीला फोन करतो, ब्रोना.
शनिवारी अडीचला मी फोन समोर ठेवून बसले.
तीन झाले. साडेतीन.
मॅच लांबली असेल. बस चुकली असेल.
मग आईला काही झालं असेल, इथवर पोचले
आणि उलगडलं:
एक तास भाषेचा, एक तास घड्याळाचा.
दोन तास नुसते हातात उरलेले,
कोणत्याच खात्यात न मांडता येणारे.

साडेचारला वाजला.
‘उशीर झाला का गं?’
‘नाइन,’ मी म्हणाले.
‘नऊ? काय नऊ?’
मग मी त्यांना बिजागऱ्यांचं सांगितलं.