नऊ फुल्या

लानेथ्ली. गावाचं नाव नीट उच्चारायला
मला दोन हिवाळे लागले.
ग्लेनिस प्रॉसरबाईंनी शिकवलं : जीभ दातांमागे टेकव
आणि कडेनं नुसती हवा सोड.
मी थुंकले. त्या हसल्या नाहीत.

भूगोलाच्या बाई. एकतीस वर्षं
खडूच्या एका फटक्यात किनारा काढायच्या,
खाडीपाशी मनगट आपोआप वळायचं.
मग तो उजेडाचा बोर्ड आला
आणि रेघ चार बोटं खाली उमटू लागली.
पेन इथे, समुद्र तिथे.
मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं,
‘मिस, वेल्स बुडालं.’

तेव्हापासून बोर्डावर कागदी नकाशे, सेलोटेपनं चिकटवलेले.
स्टाफरूममध्ये म्हणायच्या, माझं आता वय झालं.

मी शाळेची तंत्रज्ञ. वायरी, पासवर्ड, अडकलेले कागद.
माझे वडील करमाळ्याला हेडमास्तर होते.
शाळेचा पहिला कंप्यूटर त्यांनी
फुलाफुलाच्या कापडाखाली ठेवला,
खोलीला कुलूप, चपला बाहेर,
किल्ली शर्टाच्या आतल्या खिशात.
आम्हाला वाटायचं, केवढी शिस्त!

बुधवारी साडेतीनला, पोरं गेल्यावर,
मी सेलोटेप सोलली. म्हटलं, बाई,
तुमचा हात कुठे आहे हेच ह्याला ठाऊक नाही.
कुणी दाखवलाच नाही.

पडद्यावर एक फुली आली.
‘फुली म्हणजे चूक,’ त्या म्हणाल्या.
इथे नाही. टेकवा पेन.
एक. दुसरी कोपऱ्यात.
तिसरीला हात हलला, ती फुली पुन्हा आली,
न रागावता.
अशा नऊ.

मग किनारा काढला.
रेघ थेट पेनाच्या टोकातून निघाली, खाडीपाशी वळली.
बराच वेळ त्या गप्प.
मग, ‘दोन वर्षं.’ एवढंच.

मी काय बोलणार?
पाच मिनिटांचं काम. दोन वर्षं माझ्याच यादीत होतं,
सतराव्या नंबरवर.

गुरुवारी ऐन तासाला बोर्ड मेला.
मी शिडी घेऊन धावले.
दारातून पाहते तर बाईंनी प्लग उपटलेला,
आणि सातवीची पोरं मोठमोठ्यानं मोजतायत,
वेल्शमध्ये, दहापासून उलटं.
मला शेवटचे चारच येतात.
शिडी भिंतीला टेकवली
आणि थांबले माझ्या आकड्यासाठी.
पेडवार. त्री. दाय.