शेकडा

महिनाअखेरीला तक्ता भरायचा असतो.
चिखलीचा दवाखाना, तळमजला, खोली नंबर नऊ.
दारावर पाटी नाही, नुसता आकडा.
नऊ कुठे आहे, असं इथे कोणी कोणाला विचारत नाही.
आधी डोळ्यांच्या ओपीडीत जरा बसतात,
मग उठून, पाणी प्यायला जावं तसे येतात.

तक्त्यात रकाने आहेत:
गरोदर बाया. बोटीवरचे. ट्रॉलरवरचे. ट्रकवाले.
धंद्यातल्या बाया. पुरुषांकडे जाणारे पुरुष.
सगळ्यात शेवटी, इतर.
तपासले किती, सापडले किती,
शेकडा किती.

शेकडा हा शब्द मी नारळांसाठी शिकले होते.
पाडेली उतरून जायचा, आई सोप्यावर बसून मोजायची,
कानाशी एकेक हलवून.
शंभरात चार नासके तिने धरलेलेच असत,
त्यांचा राग नसे तिला.

इथे काचेवर रक्तातलं पाणी, त्यावर एक थेंब,
चार मिनिटं गरगरणारं यंत्र.
डाबोळीवरून विमान उडालं की
भिंगाखालचं सगळं थरथरतं. मी थांबते.
विमान समुद्रावर गेलं की मग दिसतं,
बारीक धूळ आहे, की गुठळ्या.

गेटवरच्या इनासला वाटतं, जड रकाना कोणता ते त्याला ठाऊक आहे.
त्या रिक्षातून उतरल्या की तो मान वळवतो.
त्या दर तीन महिन्यांनी येतात, कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत,
नव्या मुलीला दंडाला धरून आणतात,
सुई बघून हसतात.
ह्या महिन्यात एकसष्ट. त्यांत एक.

आणि इतर, अकरा.
त्यांत पाच.
पणजीहून फोन आला: बाई, पंचेचाळीस टक्के? टाइप करताना काही चुकलं का?
नाही सर. अकराच आले.
म्हणजे, आगच लागली तेव्हा आले.
एक शाळेच्या बसचा मालक, एक पतसंस्थेतला रोखपाल,
लग्नाला तीन महिने झालेली एक, तिच्यासोबत सासू,
देवस्थानच्या कमिटीवरचा एक, आणि
अडुसष्ट वर्षांचे एक निवृत्त मास्तर, जे मला
आपल्या विद्यार्थ्याचं नाव सांगून गेले.
ज्यांचं दुखत नाही, ते अजून डोळ्यांच्या ओपीडीतही पोचलेले नाहीत.
त्यांना कुठे लिहू, सर?
फोनवर जरा वेळ नुसता पंख्याचा आवाज.

गरोदर बाया, दोनशे बत्तीस. त्यांत एक.
शेकडा शून्य पूर्णांक त्रेचाळीस.
टिंबाच्या पलीकडे राहणाऱ्या ह्या बाईचं नाव रेश्मिता,
सडा भागातली, पाचवा महिना,
एकास सोळापर्यंत गुठळ्या.
नवरा क्रूझवर, चादरी बदलणाऱ्यांत.
कोणत्या बंदरात, कोणत्या देशाच्या तक्त्यात
त्याच्यासाठी रकाना आखलेला असेल,
आणि कोणी तिथे पेन उचललं असेल का.

"म्हजें कितें चुकलें?"
सुलक्षा समुपदेशक आहे, तिच्याकडे छापील उत्तरं आहेत.
तिने त्यांतलं एकही दिलं नाही.
पाण्याचा ग्लास पुढे सरकवला.
दोन्ही कुल्ल्यांत पेनिसिलीन, मग अर्धा तास बाकावर,
एका बाजूवर धड बसवत नाही, दुसऱ्याही नाही.
पोटावर हात ठेवून ती भिंतीवरचे कीटचे रंग वाचत होती,
राखाडी, हिरवं, पांढरं, निळं, लाल,
बाळाच्या दुपट्यांसाठी निवडत असावी तशी.

मी तक्ता भरला. बेरीज जुळली.

एकदा, एका रविवारी, खोलीत कोणी नसताना
मी माझं स्वतःचं रक्त काचेवर घेतलं होतं.
काय निघालं ते सांगत नाही.
एवढंच सांगते, चार मिनिटं यंत्र फिरत होतं,
आणि मी तक्ता पुढ्यात ओढून
वरून खाली, खालून वर
बघत होते,
ह्यातली मी कोण.